तोंड दाखवायला आलेले डाउनलोड

संध्याकाळच्या आत पोरीला पुण्याच्या कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं तर ती जाणार आणि या घरात मी एकटा. नाही म्हटलं तर ती इथंच, समोरच्या खोलीत, आपल्या दोन कॉम्प्युटरांपाशी. मला काय पाहिजे होतं ते वेगळं सांगायला नको. बायको उन्हाळ्यात गेली होती आणि अजून पावसाळा सरला नव्हता.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. बाप नागपूरकडून इथं जबलपूरला फॅक्टरीत लागला, त्याच्यामागून मीही लागलो. लाकडी पेट्या बांधायच्या आणि त्यांच्यावर रंगानं गावाचं नाव मारायचं, हे माझं काम. इंग्रजी अक्षरं तिथंच ओळखू लागलो. आजही मला इंग्रजीत गावांची नावंच तेवढी वाचता येतात, दुसरं काही नाही. पोरगी मात्र इंजिनिअर झाली. ते तिच्या आईचं काम. मी फक्त पगार आणून देत होतो.

पोरीची कंपनी म्हणजे दोन माणसं. एक ती आणि दुसरा तिच्यासोबत कॉलेजात शिकलेला, सराफ्यातल्या सोनाराच्या घरचा मुलगा. तो मला अंकलजी म्हणतो, मी त्याला भैया म्हणतो. त्यांनी हिंदी टायपिंग शिकायचं सॉफ्टवेअर बनवलं. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी बाबूच्या नोकरीला टायपिंगची परीक्षा द्यावी लागते. गल्लोगल्ली पोरं-पोरी तिची तयारी करत असतात. त्यांनी हे कॉम्प्युटरवर फुकट उतरवून घ्यायचं, हात बसवायचा, आणि आवडलं तर पैसे भरून पुढचे धडे घ्यायचे. उतरवून घेणं म्हणजे डाउनलोड. हा शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त वापरात होता.

बायको याला कारखाना म्हणायची. "तुमच्या कारखान्याला भोंगा तरी होता," म्हणायची, "पोरीच्या कारखान्याला सुट्टीच होत नाही." सोनाराच्या मुलाला दोन वेळा चहा द्यायची आणि दोन्ही वेळा विचारायची, "आज कितने लोग आए, बेटा?" जसं काही दुकानात गिऱ्हाईक येऊन राहिलं. तोही आदबीनं सांगायचा, "आंटी, आज थोड़े कम आए." मग ती म्हणायची, "आएंगे, आएंगे. पानी पी लो."

आई गेल्यावर पोरीनं पुण्याला अर्ज केला. मला न विचारता केला आणि मग सांगितलं. मी म्हणालो, "कर. कारखाना चालत नाही तर काय करशील." माझं तोंड असंच आहे. तिनं मान खाली घातली. नोकरी लागली. तिनं उत्तर द्यायला थोडी सवड मागितली होती, ती त्या दिवशी संपत होती.

आणि त्याच दिवशी सकाळी सोनाराचा मुलगा स्कूटर नीट उभीही न करता आत आला.

"अंकलजी, मिठाई मंगवाइए!"

"किसकी? तेरी शादी जमी क्या?"

"उससे भी बड़ी बात."

गोष्ट अशी होती. त्यांचं सॉफ्टवेअर ज्या ठिकाणी ठेवलेलं असतं, जिथून लोक ते उतरवून घेतात, ती जागा दुसऱ्याच एका कंपनीची आहे. छोट्या लोकांना ती जागा स्वस्तात देते. त्या कंपनीचं पत्र आलं होतं की तुमच्याकडे लोकांचं येणं-जाणं वाढलं आहे, ही जागा छोट्यांसाठी आहे, तुम्ही आता बिझी लोकांत मोडता, मोठी जागा घ्या.

"वो लोग खुद बोल रहे हैं," मुलगा म्हणत होता. "हम नहीं बोल रहे. बिझी! लिखा है!"

"बिझी म्हणजे काय?" मी पोरीला विचारलं.

ती पत्र वाचत होती. वाचता वाचताच म्हणाली, "राबता आहे असं म्हणतात ते, बाबा. आपल्याकडे लोकांचा राबता आहे."

हा आमचा शब्द. ज्या घरी माणसं येतच राहतात, ज्या दुकानाची पायरी रिकामी दिसत नाही, तिथं राबता असतो. माझ्या बायकोच्या दारी होता. मला तो शब्द पोरीच्या तोंडून ऐकून एकदम बरं वाटलं. पोरगी मराठी समजते सगळी, बोलते अर्धी. आणि तिनं नेमका तो शब्द काढला.

तिनं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून हसली. आई गेल्यापासून ती हसली नव्हती आणि रडलीही नव्हती. पांढरी साडी नेसून विहारात बसली होती तेव्हाही कोरड्या डोळ्यांनी वंदना म्हटली. बायका आपसात म्हणाल्या होत्या, पोरगी दगडाची आहे. ती आता हसली आणि म्हणाली, "मी पुण्याला नाही म्हणून टाकते."

मी चपला घातल्या. म्हणालो, "खोव्याची जलेबी आणतो."

कांचघरच्या चौकापर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो. या वयात. दुकानदार म्हणाला, "क्या बात है दादा, बहुत दिन बाद." मी म्हणालो, "बेटी का काम चल निकला." त्यानं दोन जलेब्या वर टाकल्या. वाटेत मी मनात खोलीची मांडणीसुद्धा बदलली. पलंग मागच्या खोलीत घ्यावा, समोर अजून एक टेबल बसेल. रात्री कुणीतरी घरात श्वास घेत आहे हे कळत राहील. एवढंच पाहिजे होतं मला. जास्त काही नाही.

परत आलो तर कॉम्प्युटरवर नकाशा लावलेला होता. मुलगा खुर्चीत उड्या मारत होता.

"आइए अंकलजी, देखिए. जहाँ-जहाँ से लोगों ने डाउनलोड किया, वहाँ बिंदी है. जितनी बड़ी बिंदी, उतने लोग. देखिए, महाराष्ट्र में भी चल निकला! हमने तो वहाँ कुछ किया ही नहीं!"

जलेबीचा पुडा माझ्या हातात होता. मी वाकलो. इंग्रजी नावं हळूहळू वाचायला लागलो, पेट्यांवर मारायचो तशी. वरच्या बाजूला जबलपूर, कटनी, दमोह, सागर. बारीक बारीक टिंबं. आणि खाली बालाघाट. गोंदिया, हे मोठं. तुमसर. भंडारा. नागपूर. काटोल. वर्धेच्या बाजूला अजून एक.

मी पुन्हा वरपासून वाचलं.

हा देशाचा नकाशा नव्हता. माझ्या बायकोचे नातेवाईक होते हे. गोंदियाला तिची मोठी बहीण. तुमसरला मामेभाऊ. भंडाऱ्याला चुलत बहीण, जिच्या लग्नात आम्ही दोघं पहिल्यांदा जोडीनं गेलो. काटोलला भाची. बालाघाटला मैत्रीण, जी मयतीला पोचू शकली नाही म्हणून फोनवर हंबरडा फोडून रडली. ज्या ज्या गावी मी निरोप कळवले त्या त्या गावी टिंबं होती.

"क्या हुआ अंकलजी?"

"कुछ नहीं. बशा आणतो."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. आता मला हे सांगितलं पाहिजे की मी आयुष्यात कधी तोंड आवरलेलं नाही. फॅक्टरीत साहेबासमोर नाही, पोरीला पाहायला आलेल्यांसमोर नाही. त्यापायी बढती गेली, दोन सोयरिकी मोडल्या. बायको म्हणायची, तुमच्या तोंडाला कडी बसवून घ्या सराफ्यातून, चांदीची. त्या दिवशी मी ती कडी स्वतःच्या हातानं लावली. म्हटलं, मला काय कळतं नकाशातलं. शिकलेली आहेत दोघं. त्या कंपनीनं लिहून दिलं आहे. पोरगी हसली आहे. गप राहा.

बशा काढल्या. जलेबी वाढली. दोघांनी खाल्ली, मलाही द्यायला लागले तर मी साखरेचं कारण सांगितलं. मला साखर नाही.

दुपार झाली. मुलगा फोनवर बापाशी बोलत होता. सराफ्यातल्या दुकानावरची खोली मागत होता. "नहीं पापा, अब घर से नहीं चलेगा. बिझी हो गए हैं." बाप तिकडून काहीतरी टोमणा मारत असावा, कारण मुलगा म्हणाला, "हाँ, हाँ, आप तौल के देख लेना." पोरगी पुण्याला पाठवायचं पत्र लिहीत होती. लिहायची, पुसायची. मी दारातल्या खुर्चीत बसलो होतो. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून पाहत होतो.

मग मी एक चालबाजी केली. सांगायचं नाही, पण विचारायला काय हरकत आहे. कदाचित ते काहीतरी असं सांगतील की माझी शंका फिटून जाईल.

"काय गं, ही परीक्षा महाराष्ट्रात पण असते का?"

"ही नसते. तिकडची वेगळी असते."

"मग गोंदियात कोण शिकून राहिलं हिंदी टायपिंग?"

मुलानंच उत्तर दिलं, "अंकलजी, बॉर्डर है. लोग इधर नौकरी करने आते होंगे. हिंदी तो हिंदी है."

"अच्छा." मी म्हणालो. "और काटोल?"

"काटोल कहाँ है?" त्यानं विचारलं.

पोरीचे हात थांबले. "काहून विचारता, बाबा?"

"उगाच."

ती माझ्याकडे पाहत राहिली. माझं "उगाच" तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मग मान फिरवून ती पुन्हा लिहायला लागली. थोड्या वेळानं तिनं मुलाला पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी होतं, मला कळलं नाही, पण शेवटी थँक्यू होतं तेवढं कळलं. मुलगा म्हणाला, "परफेक्ट. भेज दे."

तिचं बोट बटनावर गेलं.

"थांब," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ते गोंदियाचं टिंब तुझी मावशी आहे."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"काटोल तुझी मावसबहीण. भंडारा, तुमसर, सगळी आपली माणसं आहेत. नीट पाहा."

मुलगा हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "अंकलजी, ये जगह-वगह अंदाज़े से आती है. मशीन कभी-कभी पूरे इलाके को एक शहर में डाल देती है. और एक मौसी इतने डाउनलोड कैसे करेंगी? फ़ौज है क्या?"

"फ़ोन लगाओ," मी म्हणालो. "पूछ लो."

पोरीनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तिचा चेहरा तेव्हाच उतरायला लागला होता. पण मनात तिनं अजून हार मानली नव्हती. मावशीनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"बोल गं माझी बाई. जेवली का?"

"जेवली. मावशी, तू माझं सॉफ्टवेअर घेतलं होतं का मोबाईलवर?"

"घेतलं म्हणजे? अगं, मीच तर सगळ्यांना घ्यायला लावलं! आम्ही इथं विहारात तुझ्या आईचं पुण्यानुमोदन ठेवलं होतं ना, तेव्हा माईकवर सांगितलं मी. म्हटलं, बायांनो, माझी बहीण गेली. हारफुलं कोणी आणू नका. तिच्या पोरीनं धंदा टाकला आहे, सगळ्यांनी मोबाईल काढा आणि ते दाबा. सगळ्यांनी दाबलं. म्हातारा भंते होता, त्यानं पण दाबलं."

"पण मावशी, ते मोबाईलवर चालत नाही. कॉम्प्युटरचं आहे."

"चालत नाही ते कळलं ना मला. म्हणून तर चार-चारदा दाबलं. कोणाचंच उघडेना. मग मी म्हटलं, रेंज नसेल, घरी जाऊन दाबा. महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्या बायांनी आपल्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. वाढला ना धंदा?"

पोरीनं फोन माझ्याकडे सरकवला. "ताई, मी बोलतो."

"भाऊजी! कसे आहात? काही खाता का नाही?"

"खातो. ताई, ते अजून दाबून राहिल्या का तुम्ही?"

मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज बदललेला होता, "रोज एकदा दाबते. तिची आठवण आली की दाबते. दुसरं काय करू, भाऊजी? फोन लावायला ती आहे कुठं?"

पोरीनं फोन बंद केला.

मुलगा आधी बोलला. त्याला बोलायलाच पाहिजे होतं, त्याची खोली, त्याच्या बापासमोरची इज्जत, सगळं त्या टिंबांवर उभं होतं. "तो क्या हुआ? डाउनलोड तो डाउनलोड है ना. गिनने वाली मशीन है. उसको क्या पता मौसी कौन, ग्राहक कौन? उन लोगों ने बिझी बोल दिया. हम बिझी हैं."

"भैया," मी म्हणालो, "ये लोग मुँह दिखाने आए थे. दिखा के चले गए."

त्याला कळलं नाही. मग मी जे सांगितलं ते इथं लिहितो, कारण हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी या खोलीत बसून पाहिलेलं आहे.

माणूस मेलं की घरात गर्दी होते. आमच्यात त्याला तोंड दाखवायला येणं म्हणतात. लोक येतात, सतरंजीवर बसतात, पाणी पितात, विचारतात, कसं झालं हो? तुम्ही सांगता. दुसरा येतो, त्यालाही सांगता. दवाखान्यात कधी नेलं, डॉक्टर काय म्हणाला, शेवटी काय बोलली. सांगून सांगून माझ्या तोंडात ते शाळेतल्या पाठासारखं बसलं. एक शब्द इकडचा तिकडे होईना. मला माझीच किळस आली. पण दार भरलेलं असायचं. चपला गल्लीपर्यंत. कुणी परका पाहील तर म्हणेल, काय राबता आहे या घरी! आणि मग एक दिवस कुणी येत नाही. लोक वाईट नसतात. त्यांचं काम झालेलं असतं. जो एकदा तोंड दाखवून गेला त्याला पुन्हा यायचं कारण नाही. मी दार उघडं ठेवून बसायचो. कुणी येईल म्हणून नव्हे, बंद करायला उठवत नव्हतं म्हणून.

राबता म्हणजे तोच माणूस पुन्हा येतो. त्याला तुमच्याकडे काम असतं, गरज असते. तेवढाच फरक. बाकी चपला सारख्याच दिसतात.

हे मी हिंदी-मराठी मिसळून सांगितलं, जसं आलं तसं. मुलगा उठून उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, "आंटी होतीं तो आज ये नहीं बोलतीं."

हे मला लागलं. तो खरं बोलत होता म्हणून लागलं.

"नहीं बोलती," मी म्हणालो. "उसको चुप रहना आता था. मेरे से नहीं होता."

पोरगी माझ्याकडे वळली. तिचा राग मी ओळखतो, माझाच आहे. "मी जावी असं वाटते का तुम्हाला? सरळ सांगा. सकाळपासून गप बसले आणि मी पाठवायला गेली तर थांब म्हणता! मला घराबाहेर काढायचं आहे का?"

सरळ बोलणारा माणूस मी, आणि मला त्या वेळी सरळ बोलता आलं नाही. तिचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते दिलं असतं तर ती राहिली असती, माझ्यासाठी राहिली असती, आणि रोज त्या नकाशाकडे पाहत बसली असती. मी म्हणालो, "मला काय विचारतेस? नकाशा पाहा."

तिनं खुर्ची ओढली. बराच वेळ काहीतरी करत राहिली. मुलगा तिच्या मागं उभा होता. ती एकेक गाव पडद्यावरून काढून टाकत होती. एक काढायची आणि मला विचारायची, "हे?" मी सांगायचो. "तुझ्या आईची चुलत बहीण." टिंब जायचं. "हे?" "मामा. तुमसरचा. शेवटचा भेटला तेव्हा तुझी आई त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, त्याचं लग्न मोडलं म्हणून." टिंब जायचं. "हे वर्धेजवळचं?" मला आठवेना. मग आठवलं. "तिच्यासोबत दवाखान्यात पलंगाला पलंग होती ती बाई. तिची लेक असेल. तुझ्या आईनं तिला आपला डबा दिला होता." पोरीचं बोट त्या टिंबावर तसंच राहिलं. ते तिनं काढलं नाही.

तेव्हा ती रडली. सगळं आवरून धरलेलं एकदम सुटलं. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं, शेजारची खिडकी उघडेल इतक्या मोठ्यानं. मुलगा घाबरून पाणी आणायला गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी मला गप बसता आलं.

रडणं संपल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं. जबलपूर, कटनी, दमोह, सागर. बारीक टिंबं राहिली होती, ती खरी. परीक्षेची जाहिरात निघाली की वाढणारी, परीक्षा झाली की आटणारी. अगदीच काही नाही असंही नव्हतं.

"ये बिझी नहीं है," ती मुलाला म्हणाली. "ये चालू है, बस."

"चालू तो है ना," तो म्हणाला.

"चालू है. तू चला. इतवार को मैं देख दिया करूँगी वहाँ से. छोटी जगह में ही रख. उनको लिख दे, भीड़ हमारी नहीं थी, उतर जाएगी."

त्यानं मान हलवली. बापाला काय सांगायचं या विचारात होता बिचारा. जाताना दारात थांबला. मला वाटलं काहीतरी टाकून बोलेल, बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो म्हणाला, "अंकलजी, मैं आता रहूँगा." आणि स्कूटरला किक मारून गेला. येतो की नाही ते पुढं दिसेलच. सध्या तरी येतो.

पोरीनं पुण्याला पत्र पाठवलं नाही, फोनच केला. बाहेरच्या ओट्यावर उभी राहून इंग्रजीत बोलली. मी आतून तिची पाठ पाहत होतो. ती येस म्हणाली, दोनदा, तीनदा. मी सांडशी हातात घेऊन उभा होतो आणि दूध उतू गेलं.

ती आत आली. तिनं शेगडी पुसायला घेतली.

"सांगून टाकलं," म्हणाली.

"बरं केलं."

"मघाशी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही तुम्ही, बाबा."

"काय विचारलं होतं?"

"नाटक नका करू. मी जावी असं वाटत होतं का म्हणून."

आता सांगायला हरकत नव्हती. आता त्यानं काही फिरणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मला तू इथंच पाहिजे होती. सकाळी जलेबी आणायला गेलो तेव्हा मी तुझ्या तिसऱ्या टेबलाची जागासुद्धा ठरवली होती."

तिचा हात थांबला. "मग बोलले काहून?"

"तू राबता आहे म्हणून राहत होतीस. नसलेला राबता मी आहे कसा म्हणू?"

पातेल्यात उरलेलं दूध तिनं दोन कपांत ओतलं, दोन्हींत सारखं, आणि आम्ही तिथंच उभ्यानं प्यालो.